लेकरांकडून विश्वास आणि प्रेम कसं शिकायचं, घरात आणि मंडळीत (चर्चमध्ये) करून बघण्यासारखं

जय ख्रिस्त सगळ्यांना. मी सांगली-मिरजेकडची, संडे स्कूलला शिकवते. पालक मला सारखं विचारतात मुलांना विश्वासात कसं वाढवायचं, वचन पाठ कसं करून घ्यायचं, प्रार्थनेला कसं बसवायचं, आणि ते विचारायलाच पाहिजे त्यात काही वाद नाही, पण उलटा प्रश्न कुणीच विचारत नाही, की प्रभूनं तर मोठ्यांना सांगितलंय तुम्ही बालकांसारखे व्हा, मग ते व्हायचं कसं, कुणाकडं बघून शिकायचं आणि रोजच्या धबडग्यात त्याला वेळ कधी काढायचा. त्यावर हे लिहितेय. ज्यांच्या घरात लहान मुलं आहेत त्यांना लगेच करता येईल, पण आजी-आजोबा, एकटे राहणारे, मंडळीतले वडीलधारे सगळ्यांनीच वाचा, तुमच्यासाठी पण शेवटी लिहिलंय.

सुरुवात वाचनापासून करा

बायबलमधले मत्तय १८ आणि मार्क ९ हे दोन अध्याय एकापाठोपाठ वाचा, एका संध्याकाळचं काम आहे. कफर्णहूमच्या वाटेवर शिष्यांचं आपसात भांडण चाललं होतं आपल्यात मोठा कोण म्हणून, घरी आल्यावर येशूनं विचारलं वाटेत काय चाललं होतं, तर सगळे गप्प. मग त्यानं एक लेकरू बोलावलं, सगळ्यांच्या मधोमध उभं केलं, आणि मार्क सांगतो की त्याला कवेत घेतलं. यावर आपण बहुतेक वेळा एकच ऐकतो की मुलं निष्पाप असतात, निरागस असतात, म्हणून तसं व्हायचं. मला हे पटत नाही, खरंच सांगते. ज्यानं कुणी संडे स्कूलचा एक तास घेतलाय त्याला माहीतय की मुलं खोटं बोलतात, खडूसाठी चिमटे काढतात, नवीन आलेल्या पोराला बाकावर सरकून जागा देत नाहीत. आणि येशूला काय हे माहीत नव्हतं? बाजारात बसून आम्ही पावा वाजवला तर तुम्ही नाचला नाही म्हणून एकमेकांवर रुसणारी पोरं त्यानंच उदाहरणाला घेतलीत, मत्तय ११ मध्ये बघा.

मुद्दा निरागसपणाचा नाहीच. त्या काळात लेकराला चारचौघांत मान नव्हता, त्याच्या बोलण्याला किंमत नव्हती, प्रेषित पौल तर गलतीकरांना पत्रात लिहितो की वारस जरी असला तरी लहान असेपर्यंत तो दासापेक्षा वेगळा नाही. म्हणजे लेकराकडं दाखवायला काही नसतं, ना पद ना पैसा ना पुण्याई, आणि तरी ते हात पुढं करतं, आणि आपल्याला मिळणार याची त्याला खात्री असते. हेच शिकायचंय. आपण मोठे देवापुढं जाताना पण हिशोब घेऊन जातो, मी इतकी वर्षं क्वायरमध्ये आहे, मी दशमांश (कमाईचा दहावा भाग) देतो, माझे आजोबा पाळक (पास्टर) होते.

आणि अजून एक गोष्ट लक्षात ठेवा. मार्क ९ मध्ये येशूनं लेकरू मधोमध उभं केलं आणि लगेच पुढच्याच अध्यायात तेच शिष्य मुलांना घेऊन आलेल्या लोकांना दटावतायत. एका अध्यायात विसरले! आणि तिथं मार्क स्पष्ट लिहितो की येशूला राग आला. त्याला राग आल्याचं शुभवर्तमानात (येशूच्या चरित्राच्या पुस्तकांत) फार थोड्या ठिकाणी लिहिलंय, त्यातलं हे एक. त्यामुळं पहिली गोष्ट हीच करायची, लेकरू कडेला असेल तर मधे आणायचं.

घरची प्रार्थना मुलांच्या हातात द्या

आपल्याकडं घरच्या प्रार्थनेचं काय होतं बघा. जेवणाआधी नाहीतर झोपायच्या आधी सगळे बसतात, पप्पा नाहीतर आजोबा एक लांब अध्याय वाचतात, मग लांब प्रार्थना, मुलं पेंगतात, मग त्यांना चापट, आणि शेवटी प्रभूची प्रार्थना घाईघाईत. हे बदला. दहा मिनिटं पुरेत. चटईवर गोल बसा, खुर्ची सोफा नको, म्हणजे सगळ्यांची तोंडं एका उंचीवर येतात (गुडघे दुखणाऱ्या आजीला अर्थात खुर्ची द्या). गाणं मुलांना निवडू दे, त्यांनी रोज तेच एक गाणं निवडलं तरी रोज तेच म्हणा. वचन पाच-सहा ओव्यांपेक्षा जास्त नको. आणि प्रार्थना आधी मुलं करतील, मोठे नंतर, आणि मोठ्यांची प्रार्थना मुलांपेक्षा लांब नको, हा नियम पाळाच.

आमच्या वर्गातल्या एका सात वर्षांच्या पोराची प्रार्थना सांगते, त्याच्या घरी बसले होते तेव्हा ऐकलेली. "येशू, खालच्या काकांची गाडी चालू होऊ दे. आजीचा डावा गुडघा. उद्या गणिताच्या बाई येऊ नयेत पण त्या आजारी पण पडू नयेत. आज पप्पा हसले, थँक्यू. आमेन." त्याची आई लगेच ओशाळली आणि त्याला म्हणाली असं नाही म्हणायचं बाळा, नीट कर प्रार्थना. मी तिला म्हटलं अगं याच्यापेक्षा नीट काय असतं. डावा गुडघा! कुठला गुडघा दुखतो हे त्याला माहीतय, म्हणजे त्यानं आजीकडं दिवसभर बघितलंय. गणिताच्या बाईंचं तर मला फारच आवडलं, स्वतःला हवं ते मागताना पण दुसऱ्याचं वाईट होऊ नये एवढी काळजी. आणि पप्पा हसले हे देवाला सांगण्यासारखं आहे असं त्याला वाटतं, तिथं पप्पांनी पण थोडं थांबून विचार करायला पाहिजे.

आता आपली प्रार्थना ऐका. हे प्रभू सर्व आजाऱ्यांना बरं कर, सर्व गरजवंतांची गरज भागव, सर्वांना आशीर्वादित कर. कोण आजारी? कसली गरज? येशूनं शिकवलेल्या प्रार्थनेत रोजची भाकर मागितलीय, आणि हाक मारायला बाप हा शब्द दिलाय. म्हणून मोठ्यांनी एवढं करून बघायचं, एक आठवडा ठरवून "सर्व" हा शब्द प्रार्थनेत आणायचा नाही. फक्त नावं घ्यायची आणि त्या माणसाला नेमकं काय पाहिजे ते मागायचं. पहिले दोन-तीन दिवस तोंडच बंद पडतं, कारण आपल्या लक्षात येतं की शेजारच्या माणसाला काय पाहिजे हेच आपल्याला माहीत नाही. मग जाऊन विचारायचं. प्रेम इथून सुरू होतं.

एक शंभर पानी वही घ्या, डाव्या पानावर मुलं लिहितील काय मागितलं, उजव्या पानावर काय झालं ते. अजून काही झालं नसेल तर जागा रिकामी सोडा. ती रिकामी जागा भरायची घाई करू नका, मुलांना रिकामी पानं चालतात, आपल्यालाच ती बघवत नाहीत. महिन्यातून एकदा वही उघडून सगळ्यांनी मिळून वाचा.

त्यांनी विचारलेल्या प्रश्नाला खोटं उत्तर देऊ नका

२०१९ चा ऑगस्ट सांगलीकर विसरणार नाहीत. कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, ४५ फुटाला धोक्याची पातळी असते यावरून समजा. गावभाग, मारुती चौक सगळं पाण्यात, लोक शाळांमधून हॉलमधून राहिलेले. पाणी उतरल्यावर पहिला वर्ग भरला तेव्हा एका मुलीनं विचारलं टीचर, येशूनं वादळ थांबवलं तर नदी का नाही थांबवली. अख्खा वर्ग माझ्याकडं बघतोय.

अशा वेळी काय करायचं ते सांगते. "असं विचारायचं नसतं" हे म्हणू नका, मूल पुन्हा कधीच विचारणार नाही आणि तुम्हाला वाटेल त्याचा विश्वास पक्का झाला. लोकांच्या पापामुळं पूर आला हे तर अजिबात म्हणू नका, ज्याचं घर वाहून गेलं त्याच्या शेजारी ते मूल बसलेलं असतं. माहीत नाही तर माहीत नाही म्हणा. मी त्या दिवशी वर्गात मार्क ४ काढला. नाव पाण्यानं भरायला लागलीय, येशू उशीवर डोकं ठेवून झोपलाय, आणि शिष्य त्याला उठवून काय म्हणतात? गुरुजी, आम्ही बुडतोय याची तुम्हाला काळजी नाही का? म्हणजे त्या मुलीनं जे विचारलं तेच. आणि मार्काच्या सांगण्याप्रमाणं येशू आधी उठून वाऱ्याला धमकावतो, समुद्राला शांत करतो, आणि मग त्यांना विश्वासाबद्दल विचारतो. हाक मारली म्हणून त्यानं कुणाला नावेतून उतरवलं नाही. मग योहान ११ वाचला, मेलेल्या लाजाराला उठवणारच होता तरी त्याच्या थडग्यापाशी येशू रडला. मुलीला पूर्ण उत्तर मिळालं का, नाही. पण तिचा प्रश्न पवित्र शास्त्रात आधीच आहे हे तिला कळलं, आणि तो विचारूनही माणूस येशूच्या नावेतच राहतो हे कळलं.

मोठ्यांनी इथं काय शिकायचं तर हेच, की देवाला थेट विचारायचं. आपण मोठे मनात राग धरतो आणि चर्चमध्ये हसून स्तुती असो म्हणतो. मूल रागावलं तर ज्याच्यावर रागावलं त्याच्याकडंच येऊन रडतं. स्तोत्र १३ काढून बघा, तू मला कुठवर विसरशील असंच सुरू होतं ते.

द्यायचं कसं ते त्यांच्याकडं बघून शिका

येशूनं पाच हजारांना जेवण दिलं ती गोष्ट चारही शुभवर्तमानांत आहे, पण भाकरी एका मुलाच्या होत्या हे फक्त योहान सांगतो. सहावा अध्याय. तिथं फिलिप्प हिशोब मांडतो, दोनशे दिनारांच्या भाकरी आणल्या तरी पुरणार नाहीत, आणि एक दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी, म्हणजे सहा-सात महिन्यांचा पगार त्यानं उभ्या उभ्या मोजला. अंद्रिया म्हणतो एका मुलाकडं पाच भाकरी आहेत, पण एवढ्या लोकांत त्याचं काय होणार. भाकरी पण जवाच्या, म्हणजे गरिबाचं खाणं. हिशोब दोघांचाही बरोबर होता! पण भाकरी ज्याच्या होत्या त्यानं हिशोब मांडल्याचं कुठंच लिहिलेलं नाही, त्याच्या भाकरी येशूच्या हातात गेल्या एवढंच लिहिलंय.

पुराच्या मदतीसाठी मंडळीत सामान गोळा करत होतो, वह्या, पेनं, दप्तरं. एक चौथीतली मुलगी आईबरोबर आली आणि तिनं पिशवीतून नवीकोरी कंपासपेटी काढून टेबलावर ठेवली, वरचं प्लॅस्टिक पण काढलं नव्हतं. आई हळूच म्हणाली अगं ही कशाला, घरात ती जुनी आहे ना ती देऊ. मुलगी म्हणाली, "जुनी तर मलाच नकोय." एवढंच म्हणाली आणि पळाली खेळायला. टेबलावर बाकी काय काय आलं होतं ते मी बघितलं, चेन तुटलेली दप्तरं, अर्ध्या वापरलेल्या वह्या, विटलेले कपडे. आम्ही तिघीचौघी बायका काहीच बोललो नाही, मग एकजण उठली आणि घरी जाऊन नवीन चादरी घेऊन आली.

घरी एवढं करा. रविवारी चर्चच्या दारात मुलाच्या हातात दहा रुपयांची नोट कोंबून जा टाक पेटीत असं करू नका, त्यात ते काहीच देत नाही, फक्त पोस्टमनचं काम करतं. त्याला आठवड्याला थोडे पैसे स्वतःचे म्हणून द्या, त्यातलं किती द्यायचं ते त्यालाच ठरवू द्या, शून्य ठरवलं तरी चालेल, आणि तुम्ही किती देताय आणि कशासाठी ते त्याला मोकळेपणानं सांगा. मूल विचारेल पप्पा तुम्ही एवढंच का. तेव्हा चिडायचं नाही.

माफी मागायला गुडघ्यावर या

मैदानात दोन पोरं भांडली तर अर्ध्या तासात पुन्हा एकत्र बॅटिंग करतात. आणि मंडळीत दोन घरं पंचायतीच्या निवडणुकीवरून अबोला धरतात ते त्यांची पोरं लग्नाला आली तरी सुटत नाही, एक कुटुंब डाव्या बाकावर, एक उजव्या, मधून सगळे प्रभुभोजनाला (भाकर-द्राक्षरसाच्या विधीला) जातात. मत्तय ५ मध्ये येशूनं सांगितलंय अर्पण वेदीपाशी ठेव आणि आधी जाऊन भावाशी समेट कर. हे आपल्या सगळ्यांना पाठ आहे.

मुलं विसरतात म्हणून माफ करतात असं नाही हं. त्यांना मैत्री हवी असते म्हणून माफ करतात, भांडणात जिंकण्यापेक्षा उद्या खेळायला कोणीतरी पाहिजे हे त्यांना जास्त महत्त्वाचं वाटतं. आपल्याला मोठं झाल्यावर माणसाशिवाय चालतं असं वाटायला लागतं, तिथं गडबड आहे.

सराव घरातूनच करायचा, आणि मुलांची माफी मागण्यापासूनच सुरू करायचा कारण तिथं आपला अहंकार सगळ्यात जास्त असतो. ओरडलात, हात उचललात, शब्द दिला आणि पाळला नाही, तर त्याच दिवशी झोपायच्या आधी जा. खाली बसा म्हणजे त्याच्या डोळ्यांत बघता येईल. काय चुकलं ते नाव घेऊन सांगा, "मी तुला पाहुण्यांसमोर गाढव म्हणालो, ते चुकलं माझं." "पण" हा शब्द आणायचा नाही, "चुकलं पण तू पण ना" म्हटलं की माफी संपली. आणि त्यानं लगेच माफ करावं म्हणून मागं लागायचं नाही, पप्पाला गोड पापी दे वगैरे जबरदस्ती नको, त्याला त्याचा वेळ घेऊ द्या. इफिसकरांस पत्रात बापांना सांगितलंय मुलांना चिरडीला आणू नका, ती आज्ञा बापांना आहे हे वाचताना लक्षात घ्या, मुलांनी आज्ञा पाळावी ही ओवी आपल्याला जास्त पाठ असते.

एली व्हायला शिका

१ शमुवेल ३. हा अध्याय संडे स्कूलमध्ये आपण मुलांना सांगतो, बघा शमुवेल कसा ऐकत होता. मला वाटतं तो मोठ्यांना शिकवायला पाहिजे, एलीसाठी. देव मंदिरातल्या म्हाताऱ्या याजकाला (पुजाऱ्याला), म्हणजे एलीला, सोडून पोराला हाक मारतो, पोरगं तीनदा धावत एलीकडं येतं, तिसऱ्या वेळी एलीला कळतं आणि तो म्हणतो जा, झोप, आणि हाक आली तर म्हण बोल परमेश्वरा, तुझा दास ऐकतोय. आणि सकाळी काय निरोप निघाला तर एलीच्याच घराण्याविरुद्ध! शमुवेल घाबरला सांगायला. एलीनं त्याला बोलायला लावलं, लपवू नकोस म्हणाला, ऐकून घेतलं, आणि तो परमेश्वर आहे, त्याला बरं वाटेल ते करो, असं म्हणाला. स्वतःची पोरं त्यानं आवरली नाहीत हे खरंच, पण त्या सकाळी तो एका लेकराच्या तोंडून देवाचं ऐकायला तयार होता.

आपल्या घरात पण हे होतं. पोरगी म्हणते पप्पा तुम्ही चर्चमध्ये किती गोड बोलता आणि गाडीत बसल्यावर मम्मीवर ओरडता. लगेच आपण म्हणतो मोठ्यांना उलट बोलतेस. त्याऐवजी करायचं एवढंच, तोंड बंद ठेवायचं आणि म्हणायचं अजून सांग. मग एक दिवस त्यावर काही बोलायचं नाही, फक्त विचार करायचा, प्रार्थना करायची. ती सांगते ते सगळंच बरोबर असेल असं नाही, पण तिला भीती वाटली नाही हेच आधी चांगलंय.

आजाऱ्यांकडं आणि शेजाऱ्यांकडं मुलांना घेऊन जा

नामानाची गोष्ट २ राजे ५ मध्ये आहे. अरामाचा सेनापती, कोडानं आजारी, आणि त्याच्या घरात इस्राएलातून पळवून आणलेली एक लहान मुलगी दासी म्हणून काम करतेय. तिचं नाव सुद्धा दिलेलं नाही. तिच्या घरच्यांचं काय झालं असेल देव जाणे. आणि ती मालकिणीला म्हणते, माझा धनी शोमरोनातल्या संदेष्ट्याकडं गेला असता तर बरा झाला असता. ज्यानं पळवून आणलं तो बरा व्हावा असं तिला वाटतं. शत्रूवर प्रीती करा हे येशूनं सांगायच्या कितीतरी शतकं आधी एका मुलीनं ते केलं.

मिरजेत राहून ही गोष्ट वाचली की वेगळंच वाटतं. डॉक्टर वानलेस यांनी इथं १८९४ मध्ये हॉस्पिटल सुरू केलं, रिचर्डसन कुष्ठरोग हॉस्पिटल पण इथलंच, मिरजेला डॉक्टरांचं गाव म्हणतात त्याची सुरुवात अशी ख्रिस्ताच्या प्रेमापोटी झाली. कर्नाटकातून, कोकणातून पेशंट येतात इथं. तेव्हा मुलांना आजाऱ्यांपासून लांब ठेवू नका. नाताळात कॅरलला चार-पाच मुलं वॉर्डात न्या, आधी सिस्टरांना विचारून, मास्क वगैरे त्या सांगतील ते सगळं पाळून, आणि मुलांना तीन गोष्टी सांगा, पेशंटचं नाव विचारायचं, हळू गायचं, आणि आजार काय झालाय ते विचारायचं नाही. मोठ्यांसाठी पण चौथी सांगते, तिथं भाषण करायचं नाही. एका वेळी विजापूरकडच्या एक आजी होत्या, त्यांना मराठी येईना आणि आमच्या पोरांना कन्नड येईना. आम्ही मोठे हसून पुढं सरकलो. एक पोरगं मागं राहिलं, त्यानं आजींच्या हातावरची सलाईनची पट्टी बघितली, स्वतःच्या कोपरावरची खरचटलेली जागा त्यांना दाखवली, आजी हसल्या आणि त्यांनी त्यावर फुंकर मारली. पेशंट कोण आणि बघायला आलेला कोण तेच कळेना.

शेजारपाजाऱ्यांचं पण तसंच. मुलं दिवाळीचा फराळ खाऊन येतात, ईदला शिरखुर्मा पिऊन येतात, नाताळात आपल्या करंज्या-शंकरपाळ्या घेऊन सगळ्या वाड्यात धावतात, आणि संध्याकाळी प्रार्थनेत त्या सगळ्यांची नावं घेतात. घेऊ द्या. हे आपल्यातले नाहीत असं मधेच सांगून ती यादी छोटी करू नका. चांगल्या शोमरोन्याची गोष्ट (परक्या जातीच्या माणसानं जखमी वाटसरूला मदत केली ती) माझा शेजारी कोण या प्रश्नावरच सांगितलीय ना.

उपासनेत त्यांना जागा द्या

झावळ्यांच्या रविवारी (ईस्टरच्या आधीच्या रविवारी) आपण मुलांच्या हातात झावळ्या देऊन मिरवणूक काढतो, आणि पुढच्याच रविवारी श्श गप्प बस. मत्तय २१ मध्ये मुलं मंदिरात होसान्ना ओरडत होती, याजकांना राग आला, येशूनं त्यांना आठव्या स्तोत्राची आठवण करून दिली, बाळांच्या आणि तान्ह्यांच्या मुखातून स्तुती. लहान मूल रडलं तर आईकडं वळून वळून बघू नका, तेवढं केलं तरी पुष्कळ आहे. पहिला बाक मुलांना द्या, मागून त्यांना फक्त मोठ्यांच्या पाठी दिसतात. वाचन एखाद्या सहावी-सातवीच्या मुलाला द्या, अडखळला तरी चालेल, पण नाच-गाण्यापुरतं स्टेजवर चढवून फोटो काढायचे आणि एरवी बाहेर पाठवायचं हे बंद करा.

गाणी आपली मराठी घ्या, टाळ घेऊन म्हणता येतील अशी. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१ ते १९१९) शेवटच्या काळात साताऱ्यात राहिले, तिथं त्यांनी देवाचा दरबार नावाचा ख्रिस्तभक्तांचा मेळा उभा केला, सातारकरांना हे सांगायला नको. त्यांना फुलामुलांचे कवी म्हणतात. एवढा मोठा पंडित माणूस, पण लिहिताना मुलांसाठी लिहिलं, आणि ख्रिस्ताची भजनं अशी लिहिली की आजीला पण येतात आणि नातीला पण. आजी आणि नात एकाच भजनावर टाळ वाजवतायत असं आपल्या मंडळीत व्हायला पाहिजे.

आणि हे विसरू नका

लेकरू मधे आणायचं म्हणजे त्याला सांभाळायची जबाबदारी पण घ्यायची. मत्तय १८ मध्येच पुढं आहे, या लहानातल्या एकाला जो अडखळवील त्याच्या गळ्यात जात्याची मोठी तळी बांधून समुद्रात बुडवलं तर ते त्याला बरं. येशू इतकं कडक फार कमी वेळा बोललाय. संडे स्कूल असो, सुट्टीतलं व्हीबीएस (मुलांची बायबल शाळा) असो, एका मोठ्या माणसानं एकट्यानं मुलाला बंद खोलीत घेऊन बसायचं नाही, दार उघडं, दोन मोठी माणसं कायम. मूल कुणाजवळ जायला नको म्हणालं तर त्याचं ऐका, मग तो माणूस मंडळीत कितीही मोठा असो. काही वाईट घडल्याचं कळलं तर मंडळीचं नाव खराब होईल म्हणून दाबायचं नाही, मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा २०१२ चा पोक्सो कायदा आहे, पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर भिंतीवर मुलांना वाचता येईल अशा उंचीवर लावा.

आणि बालकासारखं होणं म्हणजे बालिश होणं नव्हे. पौलानं करिंथकरांना सांगितलंच आहे, दुष्टपणाबाबत तान्हे असा पण समजुतीत प्रौढ व्हा. रुसून बसणं, मलाच पाहिजे म्हणणं, ते आपल्याला शिकायची गरज नाही.

घरात लेकरं नसतील तर

पुष्कळ आजी-आजोबांची मुलं-नातवंडं पुण्याला नाहीतर परदेशात. काही जोडप्यांना मूल नाही, काहींनी लग्न केलेलं नाही. मूल नसलेल्या बाईला मंडळीत सारखं विचारून बेजार करतात ते आधी थांबवा, आणि तिला मुलांजवळ जागा द्या. तुम्ही एकटे असाल तर फोनवर नातवाला वचन पाठ आहे का हे विचारण्याऐवजी आज मी कशासाठी प्रार्थना करू ते तू सांगतोस मला, असं विचारा, आणि तो सांगेल ते खरंच करा, दुसऱ्या दिवशी फोन करून काय झालं विचारा. त्याच्या मित्राच्या मांजरासाठी सांगितलं तर मांजरासाठी करा.

आणि तुमच्या मंडळीच्या संडे स्कूलच्या टीचरला जाऊन भेटा. प्रत्येक ठिकाणी माणसं कमी आहेत. शिकवता येत नाही म्हणून लाजू नका, शिकवायला नाहीच बोलवत. वचन म्हणून दाखवताना समोर बसून ऐकणारं कुणीतरी लागतं, खडूंना टोक काढायला, शेवटी भडंगाच्या पुड्या बांधायला, आणि जे पोर कोपऱ्यात एकटं बसलंय त्याच्या शेजारी जाऊन नुसतं बसायला. रविवारी उपासनेच्या तासभर आधी या.